उघड्या पाठीचा अंगरखा

बांडुंग, १२ जानेवारी

बापाक,

परवा फोनवर तुम्ही लेकीला "वेनिंग, न्डुक" एवढीच हाक मारलीत आणि मग इतका वेळ काही ऐकू येईना की मला वाटलं लाइन तुटली. मी फोन ठेवून दिला. नंतर माझ्या आईनं, सिम्बोकनी, सांगितलं, तुम्ही फोन कानाला लावून तसेच बसला होतात, पुढच्या वाक्यासाठी दम गोळा करत. तेव्हाच ठरवलं की आता पत्र लिहायचं. पत्रात माणूस कितीही वेळ थांबला तरी समोरचा ठेवून देत नाही.

गावच्या आरोग्य केंद्रातून या आठवड्यात तुमच्याकडे जे यंत्र येईल ते आमच्याच कंपनीचं आहे. हवेतला प्राणवायू वेगळा काढून ते नळीतून नाकात सोडतं. दगडाच्या धुळीनं छाती भरलेल्या दहा जणांच्या घरी ईदपर्यंत ती यंत्रं ठेवायची आहेत. लोकांना ती नीट वापरता आली तर यंत्रं त्यांच्याकडेच राहतील आणि आणखी शेकडो बनतील. नाही तर परत आणायची. डॉक्टरांनी तुम्हाला दिवसाचे सोळा तास प्राणवायू सांगितलाय हे मी विसरलेले नाही, म्हणून हात जोडून सांगते, ते नीट लावा.

माझं काम यंत्र बनवण्याचं नाही. साध्या माणसाला ते किती सहज वापरता येतं, हे मी पाहते. इथे आम्ही लोकांना खोलीत बसवतो, समोर यंत्र ठेवतो आणि गप्प राहतो. गप्प राहणं सगळ्यात अवघड. मागच्या महिन्यात एक गंमत झाली. चालू करायचं बटण डाव्या बाजूला होतं. आजीबाई येत, उजवा हात पुढून वळवून डावीकडे नेत आणि नळीत अडकून बसत. आमच्या इंजिनिअरांना काही कळेना. मी म्हटलं, "डाव्या हातानं कोण चालू करेल? घरात आलेल्या नव्या पाहुण्याला डाव्या हातानं शिवायचं का?" बटण उजवीकडे आलं. आमच्या बू रत्ना, म्हणजे साहेबीण बाई, म्हणाल्या, "वेनिंगला आपली माणसं कळतात." त्या दिवशी मला पदवी मिळाल्यासारखं वाटलं, दुसऱ्यांदा.

नियम असा आहे की स्वतःच्या घरी तपासणीला जायचं नाही. तुमच्याकडे आमच्या ऑफिसातले मास गलिह येतील. त्यांना खरं सांगा. आपल्याकडे सगळे सगळ्याला चांगलंच म्हणतात. तुम्ही तेवढं म्हणू नका.

तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून,
वेनिंग


मुंतिलान, २१ जानेवारी

वेनिंग, न्डुक,

यंत्र आलं. मोटरसायकलवर मागे बसून, दोरीनं बांधून. अर्धी आळी बघायला जमली. शेजारचा सुमिदी म्हणाला, "एवढं मोठं नाक असतं होय?" सिम्बोकनं त्याला यंत्राजवळ विडी घेऊन आला म्हणून अंगणातच अडवला.

तू चांगलं म्हणू नका म्हणालीस. मग चांगल्याला काय म्हणायचं ते शाळेत शिकलेल्यांनी सांगावं. पहिल्या संध्याकाळी नळी लावून मी सुमिदीला एक अख्खा विनोद सांगितला, शेवटापर्यंत. तो हसला नाही, पण तो विनोदाचा दोष, दमाचा नाही.

मी आयुष्यभर खलबत्ते आणि देवळाच्या दारावरचे राक्षस कोरले. राक्षसाची छाती मी कायम फुगलेली ठेवायचो, श्वास आत घेतलेली. गिऱ्हाइकांना ती आवडायची. ते बिचारे तसा श्वास धरून उभे आहेत, हे आता मला कळतं.

यंत्र बाहेरच्या खोलीत आहे, टीव्हीशेजारी, तुझ्या पदवीच्या फोटोखाली. तुझी सिम्बोक त्याला माझ्याहून जास्त जपते. सुमिदीची दगड कापायची करवत दिवसभर चालू असते, तुला माहीत आहेच, पांढरी धूळ भातावरसुद्धा बसते. ती म्हणते, "तुमची छाती दगडानं खाल्ली. याची खाऊ देणार नाही." मी म्हटलं, लग्नापासून माझी एवढी काळजी घेतली असतीस तर. त्यावर चमचा फेकून मारला.

जेवत जा.
बापाक


बांडुंग, १० फेब्रुवारी

बापाक,

मास गलिह परत आले ते तुमचंच कौतुक करत. म्हणाले, "तुझ्या घरचं यंत्र खोक्यातून आत्ता काढल्यासारखं चकचकीत. आई-वडिलांना सगळं पाठ. कंदाचे तळलेले काप इतके खाऊ घातले की पुढच्या घरी मला पाणीसुद्धा घेववेना." दहाही घरांचा निकाल तसाच. सगळे म्हणतात, सोपं आहे, चांगलं आहे. बू रत्ना खूश आहेत.

पण एक गोष्ट मला टोचते. यंत्र किती तास चाललं ते यंत्रातच नोंदलं जातं. जवळजवळ प्रत्येक घरात ते निम्म्याहून कमी चाललंय. आपल्याकडेही. बू रत्ना म्हणाल्या, "विजेचं बिल वाचवत असतील गं. गरीब माणसं तेच करतात." मला ते ऐकून वाईट वाटलं, कारण मलाही तेच वाटत होतं. बापाक, बिलासाठी यंत्र बंद ठेवू नका. मी दर महिन्याला पैसे पाठवीन. तुमच्या श्वासावर काटकसर करायला मी शिकले नाही.

रागावू नका.
वेनिंग


मुंतिलान, १७ फेब्रुवारी

न्डुक,

रागावलो नाही. पण तुझी सिम्बोक रागावली. म्हणते, "सांगा तिला, तिची फी भरत होतो तेव्हासुद्धा घरात दिवे लागत होते."

विजेचं काही नाही. यंत्र दमतं.

आधी काही दिवस नाही दमलं. मग दुपारच्या सुमारास शिट्टी द्यायला लागलं. पिवळा दिवा. सिम्बोक म्हणाली, "बघा, बिचाऱ्याला धाप लागली." तिनं अंगावर हात ठेवून पाहिला तर ताप आल्यासारखं गरम. मग आम्ही त्याला विश्रांती देतो. थंड झालं की पुन्हा लावतो. आता सकाळीही दमतं आणि संध्याकाळीही. मी स्वतः बैलासारखं काम केलेलं आहे, न्डुक. दमलेल्याला आणखी राबवणं मला जमत नाही. तोवर मी खिडकीत उशीवर कोपरं टेकून बसतो. बरं वाटतं तिथे. विनोद सध्या सुमिदीलाच सांगू देतो.

हे तुझ्या साहेबीण बाईंना कळवू नकोस. गलिहलाही मी बोललो नाही. पोर पाहुणा होता, आणि त्याच्या तोंडावर यंत्राची चहाडी काय करायची? शिवाय ते तुझ्या ऑफिसचं. घरचं मूल थोडं अशक्त निघालं म्हणून कुणी चावडीवर सांगतं का?

सिम्बोक ईदसाठी काहीतरी करतेय. दुपारी दार लावून घेते. मला ताकीद आहे, म्हणून मी लिहीत नाही.

बापाक


बांडुंग, २१ फेब्रुवारी

बापाक,

यंत्र दमत नाही! ती शिट्टी म्हणजे धोक्याची सूचना आहे. पिवळा दिवा लागतो तेव्हा नळीतून प्राणवायू कमी येत असतो. तुम्ही खिडकीत बसता तेव्हा तर अजिबातच येत नाही. शेजारच्या फोनवर दोनदा प्रयत्न केला, लागला नाही. म्हणून आजच्या टपालात हे टाकते. लगेच उत्तर द्या:

भिंतीपासून किती अंतरावर आहे? ऊन लागतं का? चुलीची खोली जवळ आहे का? मागची जाळी धुता का? एकाच सॉकेटवर टीव्ही आणि इस्त्रीही लावता का?

एकही उत्तर मला बरं वाटावं म्हणून देऊ नका. यंत्र अशक्त असेल तर मी ते चावडीवरच सांगणार. माझा पगारच त्याचा आहे.

वेनिंग


मुंतिलान, २५ फेब्रुवारी

न्डुक,

भिंतीपासून दोन हात. ऊन नाही. चूल मागच्या अंगणात. जाळी दर शुक्रवारी नमाजाआधी धुतो. सॉकेटवर दुसरं काही नाही. सगळं तुमच्या पुस्तकातल्या चित्रासारखं.

आज एवढंच लिहितो. आता खिडकीत जाऊन बसतो.

बापाक

*(याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या पानावर, मोठ्या सुट्या अक्षरांत)*

वेनिंग,

हे बापाकना दाखवलं नाही. पाकीट मीच चिकटवते.

बांडुंगला चांगली लेस मिळते म्हणतात. पांढरी, मोगऱ्याच्या कळ्यांची, दोन बोटं रुंद. चार हात पाठव. यंत्राला ईदचा कपडा शिवतेय. घरात सगळ्यांना नवे कपडे आणि त्यालाच जुना, हे बरं दिसत नाही. ते आपल्या माणसाला श्वास देतं. रोजचा कपडा जुन्या पडद्याचा आहे, जाड, चांगला आहे, धूळ मुळीच आत जात नाही, जमिनीपर्यंत येतो. पण त्यावर डाग पडलेत. गलिह आला तेव्हा मला लाज वाटली, म्हणून काढून ठेवला होता. नव्याला दोन अस्तरं लावलीत.

बापाक रात्री बसूनच झोपतात. तुला सांगू नको म्हणाले.

सिम्बोक


मुंतिलान, ६ मार्च

न्डुक,

बस वेळेवर पोचली असेल. रोजा असताना तेवढा प्रवास करून आलीस आणि उपाशीच परत गेलीस, याचंच तुझ्या सिम्बोकला आधी वाईट वाटत होतं. आता दुसरंच वाटतंय.

तू त्या सकाळी आलीस, चपला न काढता, सलाम न करता थेट यंत्राशी गेलीस आणि पडद्याचा कपडा ओढून काढलास. मला वाटलं, पोरीला वेड लागलं. मग तू माझा हात धरून यंत्राच्या पाठीवर ठेवलास. ती इतकी तापली होती की मला तो ठेववेना. आणि तू जमिनीवर बसून रडायला लागलीस. सिम्बोक दारात माझ्यासाठी तांदळाची पेज घेऊन उभी होती. तू तिला काही बोलली नाहीस. उलट तिच्या गळ्यात पडलीस. पण तिला अक्षरं कमी येत असली तरी तुझा चेहरा वाचता येतो.

तू असेपर्यंत हसत होती. तू गेल्यावर तिनं ईदचा कपडा घडी करून पेटीत टाकला, अगदी तळाशी. तुझ्या फोटोवरचा रुमालही काढून टाकला. रेडिओचा काढला. भाताच्या कुकरचा काढला. घर कसं उघडं-नागडं दिसतंय. आणि यंत्राला ती हात लावत नाही. नळी सरळ करायची असली तरी सुमिदीच्या बायकोला हाक मारते. मी विचारलं, तर म्हणाली, "इतके दिवस मीच तुमचं तोंड दाबून बसले होते."

मी म्हटलं, "अगं, मीही तिथेच होतो. मला कुठे कळलं?" पण माझं बोलणं तिला समजूत घातल्यासारखं वाटतं. मी बरा आहे. शिट्टी नाही, पिवळा दिवा नाही, उशी खिडकीतून पलंगावर आली. दम माझा परत आला आणि तिचा गेला, असं झालंय.

तू तिला लिही. मला दगडातलं बोलता येतं, तुला कागदावरचं.

बापाक


बांडुंग, १० मार्च

सिम्बोक,

हे पत्र तुमच्यासाठी आहे. बापाकना वाचून दाखवायला सांगा, आणि ते कुठे गाळतात का त्यावर लक्ष ठेवा.

आमच्या पुस्तकात यंत्राचं चित्र आहे. पांढरी खोली, पांढरी भिंत, मधोमध यंत्र. माणूस नाही, धूळ नाही, करवत नाही. तसलं घर मी अजून एकही पाहिलेलं नाही. आम्ही त्या खोलीत राहणाऱ्या माणसासाठी यंत्र बनवलं आणि तुमच्या हातात दिलं. मी तुम्हाला भिंत विचारली, ऊन विचारलं, सॉकेट विचारलं. ज्या घरात माझ्या पदवीच्या फोटोलाही कपडा आहे आणि पाहुणे आले की तो उचलून दाखवतात, त्या घरात वाढून मला कपडा विचारायचं सुचलं नाही. बू रत्ना म्हणाल्या होत्या, मला आपली माणसं कळतात. मी त्या वाक्यावर फार दिवस खूश होते.

तुमचं घर सोडून मास गलिह आणि मी आणखी चार घरी गेलो, न कळवता. एके ठिकाणी यंत्रावर भरतकामाची चादर. एके ठिकाणी फ्रिजचा जुना झालरवाला कपडा, बरोबर मापाचा. तिसऱ्या घरी आम्ही दारात दिसताच सुनेनं पळत जाऊन नमाजाची शाल ओढून घेतली आणि यंत्र पुसायला लागली. मास गलिहनी कपाळाला हात लावला. "अरे देवा," म्हणाले, "मी प्रत्येक घरी आदल्या दिवशी निरोप देऊन जात होतो."

तेव्हा तुम्ही एकट्या नाही. जिथे जिथे माणसाला यंत्राची माया वाटली, तिथे तिथे ते झाकलं गेलं. चौथ्या घरात ते उघडं होतं, आणि तिथे ते कुणी वापरतच नव्हतं.

आता जे झालं ते सांगते. मी सगळं लिहून दिलं. बू रत्नांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, "पुस्तकात एक ओळ घालू, 'यंत्र झाकू नये.' परीक्षा पास. तूही मोकळी, मीही मोकळी."

मी म्हटलं, "बू, ओळ वाचून माझी आई कपडा काढेल. मग धूळ आत जाईल. आईचं चुकलं नव्हतं. धूळ खरी आहे."

"मग नापास लिहू? नापास म्हणजे यंत्रं परत. तुझ्या वडिलांचंसुद्धा. कळतंय ना?"

मला कळत होतं, सिम्बोक. मी नापास लिहिलं. त्यानंतर जिन्यात जाऊन बराच वेळ बसले. अजून निर्णय आलेला नाही. कदाचित मी बापाकचं यंत्र माझ्या हातानं घालवलंय. तुम्हाला जे वाटतंय तेच मला इथे वाटतंय, म्हणून म्हणते, आपण दोघींनी ते एकेकटीनं सोसायला नको.

आणि एक काम आहे. तो ईदचा कपडा पेटीतून काढा. मला तो हवाय, पण वेगळ्या बेताचा. वरून झाकलेला, दोन्ही बाजूंनी आणि पुढून झाकलेला. पाठ मात्र पूर्ण उघडी, कारण यंत्र पाठीनं श्वास घेतं. खालून एक वीत मोकळा, कारण तिथून ते सोडतं. अस्तर एकही नको. इथे मी आमच्या कारागिराकडून एक शिवून घेतला, तो पोत्यासारखा झाला. कुणीही तो आपल्या बाहेरच्या खोलीत ठेवणार नाही. सुंदर नसला तर लोक त्यावर दुसरा घालतील. म्हणून तुमच्याच हातचा हवा.

लेस सोबत पाठवतेय. मोगऱ्याच्या कळ्यांची, दोन बोटं रुंद.

तुमची,
वेनिंग


मुंतिलान, १८ मार्च

न्डुक,

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. "माया" शब्दापाशी मी थांबलो, तर सिम्बोक म्हणाली, "दम लागला का?" मी हो म्हटलं.

दोन दिवस पेटीकडे पाहिलं नाही तिनं. तिसऱ्या दिवशी लेस हातात घेऊन म्हणाली, "पाठ उघडी? ईदला? शोभतं का?" सुमिदीची बायको म्हणाली, "अहो, शहरात नवऱ्या तशाच बसतात हल्ली." "नवरी बसेल. हे घरचं आहे." एवढं बोलून सिम्बोकनं कात्री घेतली. आणि मग काय! माप घ्यायला यंत्राला हात लावावाच लागला. आधी एक बोट. मग तळवा. "गार आहे," म्हणाली. आणि पुन्हा तळवा ठेवून तशीच उभी राहिली.

गलिह काल न कळवता आला. सिम्बोक म्हणाली, "थांब, थांब, घर असंच पडलंय!" तो म्हणाला, "असंच हवंय, बू." त्यानं अंगरख्यातलं यंत्र दिवसभर चालवून पाहिलं, सारखा पाठीशी हात लावून. सुमिदीला मुद्दाम करवत चालवायला लावली. संध्याकाळी तुझा निरोप दिला. नापास, पण यंत्रं परत न्यायची नाहीत, दुरुस्ती करून पुन्हा परीक्षा. मी त्याला म्हटलं, मला हे ठाऊक आहे. मी चौथीत नापास झालो तेव्हा मलाही त्याच वर्गात ठेवलं होतं.

तो अंगरखा घेऊन गेला, दाखवायला. सिम्बोकनं दुसरा शिवायला घेतलाय. तुझ्या फोटोवर रुमाल परत आला.

सुमिदीला काल तोच जुना विनोद पुन्हा सांगितला. या वेळीही हसला नाही. म्हणाला, "विनोद तसाच रद्दड आहे, पण तू मध्ये थांबतोस तेव्हा जरा रंगतो." म्हणून ठरवलंय, या रविवारी दुपारी तुला फोन करतो. पत्र नको. आधी सिम्बोक बोलेल, ती ईदला काय काय करायचं ते सांगेल. मग मी. मी हळू बोलेन. मध्ये एखाद्या वेळी आवाज येणार नाही.

तेव्हा फोन ठेवू नकोस, न्डुक. मी तिथेच असतो.

बापाक